खिडकीशी या

आमच्या भावजींना सगळा भाग भोंगा म्हणून ओळखतो. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. हे गेले, जाऊबाई त्यांच्याही आधी गेल्या, मुलं कामधंद्यासाठी दुसऱ्या शहरांत पांगली, आणि दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोन म्हातारी माणसं आणि कॉलेजात जाणारी माझी नात एवढे उरलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिलंय ते कुणाकडून ऐकलेलं नाही, समोर बसून चहा पिताना पाहिलेलं आहे, हे वाचणाऱ्याला कळेल.

भोंगा हे नाव धंद्यावरून पडलं. तीनचाकी गाडी, टपावर दोन कर्णे, आत बॅटरी, एक माइक आणि माइकमागे आमचे भावजी. गाडी आमच्या रस्त्यात शिरली की भांडी थरथरतात. पण तोच माणूस माइक सोडून घरात आला की आवाज कुठे जातो देव जाणे. जेवताना मीठ हवं असलं तरी ओठ तेवढे हलतात.

"भावजी, काही म्हणालात का?"

"मीठ."

"कधी म्हणालात?"

"मघाशी. दोनदा."

नात म्हणते, "आजी, धाकट्या आजोबांना घरातही एक कर्णा बसवून दे, नाहीतर उपाशी राहतील."

भावजींचं काम काय, तर शहराला जे सांगायचं ते सांगणं. उद्या पाणी येणार नाही. दुपारी वीज जाणार आहे. बाळांना डोस द्यायला घेऊन या. निळा सदरा घातलेली एक मुलगी बाजारात हरवली आहे, कुणाला दिसली तर पोलीस चौकीत आणून सोडा. आणि मग निवडणुका. त्यात तर भावजींना श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी एका पक्षाचे झेंडे लावून जातात, दुपारी जेवायला येतात तेव्हा आमच्या दारातच ते झेंडे उतरवतात आणि दुसऱ्याचे चढवतात.

मी एकदा विचारलं, "काय हो भावजी, सकाळी म्हणत होता तो समोरचा चोर आहे. आता?"

"आता हा सकाळचा. दुपारनंतर हा चोर."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तिसरा येणार आहे. त्याच्या मते दोघंही."

स्वतःचं मत कुणाला, हे त्यांनी कधी सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. आमचे हे याच्या अगदी उलट. टीव्हीवरच्या चर्चा बघत टीव्हीशीच भांडायचे. त्याला ऐकू जात नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मला मात्र राजकारणातलं काही कळत नाही असं घरात आधीपासूनच ठरलेलं होतं. मीही कधी वाद घातला नाही. पण नळाला पाणी किती वेळ टिकतं यावरून नगरपालिकेत कोण बसलंय हे मला पेपर न उघडता कळतं. निवडणूक आली की रस्त्यातले खड्डे जातात, आणि मतदान झालं की माहेरवाशिणी परत आल्यासारखे एकेक करून आपापल्या जागी येऊन बसतात.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

प्रचार आणि खबर यांची सरमिसळ भावजींनी कधी होऊ दिली नाही. प्रचार असला की ते सुरुवात करायचे, "मतदार बंधूंनो आणि भगिनींनो!" हे ऐकलं की आमच्या रस्त्यावरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या, आणि भावजींना त्याचं वाईट वाटत नसे. पण खरी खबर असली, पाण्याची, औषधाची, हरवलेल्या पोराची, की आवाज जरा खाली आणून ते म्हणायचे, "घरातल्यांनो, जरा खिडकीशी या."

एवढं म्हटलं की झालं. माझे हात पिठात असले तरी मी तशीच उठायची. आमच्या समोरच पहिल्या मजल्यावर शिंपीणबाई राहते. दिवसभर तिची मशीन घडघडत असते, इतकी की तिचा आवाज आम्हाला ऐकूही येईनासा झालाय. पण भावजींनी खिडकीशी बोलावलं की ती मशीन थांबायची. मशीन थांबली की लक्षात यायचं, अरे, इतका वेळ चालू होती. गळ्यात टेप अडकवलेली शिंपीणबाई खिडकीत येऊन उभी राहायची आणि भावजी गाडीतून वर बघून मगच पुढचं बोलायचे. ती आली म्हणजे सगळा रस्ता आला असा त्यांचा हिशेब होता.

या बोलावण्यानं त्यांनी प्रचार कधी केला नाही. नव्या सोन्याच्या दुकानाची जाहिरात कधी केली नाही. एका कापडवाल्यानं फार आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "तुमचा सेल लागला नाही तर कुणाचं अडत नाही. पाणी आलं नाही तर अडतं."

आता दवाखान्याकडे येते. आमच्या रस्त्याच्या टोकाला नगरपालिकेचा एक दवाखाना होता. दोन खोल्या, एक लाकडी बाक, वजनाचा काटा आणि एक सिस्टर. डॉक्टर यायचे जायचे, बदलायचे, सिस्टर तीच. रस्त्यावरच्या निम्म्या पोरांच्या दंडावर तिच्या सुईची खूण आहे. जाऊबाई आजारी होत्या तेव्हा शेवटचे काही महिने ती दुपारी स्वतः घरी येऊन इंजेक्शन देऊन जायची. भावजींच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिथल्याच. गोळ्या न्यायला जायचे आणि तासभर बाकावर बसून यायचे. त्या बाकावर जाऊबाई बसायच्या. भावजी हे बोलून दाखवत नसत, पण मला काय कळत नव्हतं?

गेल्या निवडणुकीच्या आधी कुणकुण लागली की दवाखाना बंद होणार. पुलापलीकडे मोठं इस्पितळ झालंय, सगळ्यांनी तिथे जा. म्हणणं सोपं. तो पूल ओलांडायला माझ्या गुडघ्यांना अर्धी सकाळ लागते. शिंपीणबाई भडकली. ती रस्त्यावरच्या सगळ्या बायकांच्या घरी गेली आणि ठरवून आली, की सामान हलवायला गाडी येईल त्या दिवशी आपण सगळ्या जणींनी दवाखान्याच्या दारात बसायचं. बघू कोण काटा उचलून नेतो. मला म्हणाली, "काकू, तुम्हाला खुर्ची आणते. तुम्ही नुसतं बसायचं. तुमच्या अंगावरून गाडी न्यायची कुणाची हिंमत होत नाही."

"आणि झाली तर?"

"तर आपली बाजू आणखी भक्कम होईल."

अशी ही बाई.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला तिनंच नाव ठेवलंय, हसरे. कारण पोस्टरवर तो सगळे दात दाखवून हसतो. पाणी नसो, दिवे नसोत, पोस्टरवर हसू आहेच. तर हे हसरे मतदानाच्या थोडे दिवस आधी आमच्या घरी आले. वाकून नमस्कार केला, चहा घेतला, पंखा नीट चालत नाही म्हणून काळजी केली. मग भावजींकडे वळले.

"दवाखाना कुठेही जाणार नाही. मी शब्द देतो."

भावजी काहीतरी म्हणाले. हसरे पुढे वाकले. "काय?"

मी सांगितलं, "ते विचारताहेत, तसा निर्णय झालाय का?"

"झाल्यातच जमा आहे. फक्त वरून शिक्का यायचा. पण लोक घाबरलेत हो. आमच्या पोरांनी सांगितलं तर प्रचार वाटतो. तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील. तुमचं ते असतं ना, खिडकीशी या, तसं सांगा."

मला तेव्हाच वाटलं आणि मी बोललेही, "भावजी, मतदार बंधूंनो म्हणून सांगा की. काय बिघडतं?"

"वहिनी, हा प्रचार नाही. खबर आहे," भावजी म्हणाले. आणि हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. फार दिवसांनी त्यांचा आवाज घरात एवढा मोकळा निघाला होता. त्या आनंदात मीही गप्प बसले. जे व्हावं असं जिवापासून वाटत असतं तेच कुणी येऊन सांगितलं, तर कोण उठून चौकशी करायला जातं? नातीच्या फोनवर दिवसभर जे काही येत असतं तेही माणसं अशीच पुढे ढकलत असतील. खोटं बोलायची हौस म्हणून नव्हे, तर तसं असावं अशी इच्छा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. "घरातल्यांनो, जरा खिडकीशी या." मशीन थांबली. खिडक्या उघडल्या. भावजींनी सांगितलं की आपला दवाखाना बंद होणार नाही, काळजी करू नका. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाईनं वरून हात केला. बायकांचं दारात बसायचं बारगळलं, माझी खुर्ची आमच्याच घरात राहिली. मतदान झालं. हसरे निवडून आले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली आणि त्यात सगळ्यात पुढे भावजींची गाडी होती.

आणि मग एका दुपारी, रस्ता जेवून सुस्तावलेला असताना, ट्रक आला. माणसं उतरली. कपाट गेलं, काटा गेला, बाक दोघांनी आडवा धरून नेला. सिस्टर हातात पर्स घेऊन बाहेर उभी होती. तिला पुलापलीकडे रुजू व्हायला सांगितलं होतं. आम्हाला कळलं तोवर दाराला कुलूप लागलं होतं.

शिंपीणबाई आमच्या दारात आली. मी म्हटलं आता ही हसऱ्यांचा उद्धार करील, मलाही त्यात चार शब्द घालायचे होते. पण तिनं हसऱ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. भावजी खाटेवर बसले होते, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही खिडकीशी बोलावलं होतं ना?"

भावजींनी मान हलवली.

"तेच म्हटलं. मी चुकीचं तर ऐकलं नाही?"

आणि गेली. दारही हळू लावून गेली. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी यावर फार विचार केला. फसवलं हसऱ्यांनी, आणि लोक रागावले आमच्या भावजींवर, हा कुठला न्याय? पण भाजी निवडता निवडता मला उमगलं. हसऱ्यांवर रागवायचं तर आधी त्यांच्यावर विश्वास असावा लागतो. तो कुणाचा नव्हताच. त्यांनी शब्द पाळला असता तर लोकांना आश्चर्य वाटलं असतं. भावजींचं तसं नव्हतं. त्यांच्या आवाजावर लोक चुलीवरचं खाली उतरवून ठेवत होते.

भावजी हसऱ्यांच्या ऑफिसात गेले होते. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी प्रयत्न करतो असं म्हणालो होतो." मग चपला काढून भिंतीशी लावल्या. "आणि हसले. म्हणाले, निवडणुकीतलं बोलणं कोण मनावर घेतं, भोंगेवाले?"

त्यानंतर पहिल्यांदा पाण्याची खबर आली. पाइप बदलायचा होता, नळ दिवसभर बंद राहणार होते. भावजींची गाडी रस्त्यात आली. "घरातल्यांनो, जरा खिडकीशी या." मी माझ्या खिडकीत उभी होते. समोरची मशीन चालूच राहिली. घडघड, घडघड. एका खिडकीतून एका पोरीनं डोकं काढलं, तिला कुणीतरी आत ओढलं. भावजी वर बघत थांबले. मग ते जे काही सांगायचं ते सांगून गेले. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. लोकांनी नुसती मशीन चालू ठेवली.

असं महिनाभर चाललं. भावजी जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मीठ मागणंही बंद झालं. पानात मीठ आहे की नाही हे त्यांना कळत होतं की नाही, शंकाच आहे. एक दिवस नातीला म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक मिळतं का बघ तुझ्या फोनवर."

"का हो आजोबा?"

"वर खिडकीत कुणी येत नाही. मी कुणाला सांगतोय, भिंतींना?"

मी म्हटलं, "भावजी, खिडक्या काय कायमच्या बंद झाल्या? उघडतील."

"वहिनी, बिजागरी गंजली की उघडत नाहीत." हे बोलले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मला तर वाटलं, हा माणूस आता माइकला हात लावत नाही.

मग मागच्या गल्लीत पोरांची पोटं बिघडली. एकाच्या घरी, मग दोघांच्या. लगेच फोनवर गोंधळ सुरू. नातीनं मला वाचून दाखवलं. एकात लिहिलं होतं, टाकीत विष पडलंय. दुसऱ्यात लिहिलं होतं, सगळं खोटं आहे, विरोधकांचं काम आहे, खुशाल पाणी प्या. दोन्हींच्या खाली एकच ओळ, ताबडतोब सगळ्यांना पाठवा. नात म्हणाली, "आजी, पाठवू कुठलं?" मी म्हटलं, "फोन ठेव आणि पाणी उकळायला ठेव."

तेवढ्यात भावजींना पाणी खात्यातल्या साहेबाचा फोन आला. साहेबाचा आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू येत होता. "जाहीर करून टाका. पाणी शुद्ध आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. आणि ते तुमच्या पद्धतीनं, खिडकीशी या वगैरे."

भावजी म्हणाले, "बघून सांगतो."

"तुम्हाला काय बघायचंय? तुमचं काम बोलायचं."

"बघून सांगतो," भावजी पुन्हा म्हणाले आणि फोन ठेवला. मग चपला शोधू लागले. दारात जाऊन थबकले. "वहिनी, तुम्हीही चला."

"मी कशाला? माझे गुडघे…"

"मी एकटा गेलो तर मला जे बघायचंय तेच दिसेल. मागच्या वेळी तसंच झालं. तुम्ही असलात तर बरं."

मीही गेले. त्यांच्या हाताला धरून, मध्ये एका दुकानाच्या पायरीवर टेकत गेले.

मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खड्डा खणलेला होता. आत गुडघ्यापर्यंत काळ्या पाण्यात उभा राहून एक कामगार पाइपाशी झटत होता. वास असा की पदर नाकाला लावला तरी येत होता. गटाराची भिंत एका बाजूनं फुटलेली आणि तिथून पाणी खड्ड्यात झिरपत होतं.

"आजी, लांब उभ्या राहा, पाय घसरेल," कामगार म्हणाला.

भावजी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना चांगल्या पँटवर मातीत बसलेलं पाहिलं नव्हतं. "हा नळाचा पाइप?"

"हो. सांधा उघडा पडलाय. नळ चालू असला की पाणी बाहेर येतं, बंद झाला की हे घाण पाणी आत ओढलं जातं. मी वर कळवलंय."

"वर काय म्हणाले?"

"काम चालू ठेव म्हणाले. आणि कुणाला सांगत बसू नको म्हणाले." मग त्याला कळलं आपण काय बोललो, आणि तो पुन्हा पाइपाकडे वळला.

भावजी उठेनात. सांध्याकडे बघत राहिले. त्यांना म्हटलं, "चला, दिसलं ना?" तर म्हणतात, "तुम्हाला काय दिसलं ते सांगा." मी सांगितलं. गटार फुटलंय, पाणी आत जातंय. "मलाही तेच दिसलं," म्हणाले, आणि तेव्हा उठले.

मला घरी सोडतो म्हणाले, पण मी गाडीतच चढले. बॅटरीशेजारी एक फळी आहे, तिच्यावर बसले. हे एकट्यानं करू द्यायचं काम नव्हतं. साहेबाला कळलं की नगरपालिकेचं काम हातचं जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आमच्या रस्त्यात गाडी आली. भावजींनी माइक तोंडाशी धरला. "घरातल्यांनो, जरा खिडकीशी या."

समोर घडघड, घडघड. एकही खिडकी हलली नाही.

पुन्हा म्हणाले. तेच.

मी त्यांच्याकडे बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि काय झालं कुणास ठाऊक, कर्ण्यातून त्यांचा घरातला आवाज यायला लागला. तो मीठ मागायचा आवाज. पुटपुटल्यासारखा. मला शेजारी बसून नीट ऐकू येईना.

"मी भोंगा बोलतोय. दवाखान्याचं मी सांगितलं होतं. ते खोटं निघालं. मी न बघता सांगितलं…"

आणि मशीन थांबली.

शिंपीणबाईनं खिडकी उघडली. कपाळाला आठ्या. "काका, काय पुटपुटताय? कळत नाहीये!"

भावजींनी वर बघितलं. मी कोपरानं ढोसलं, "बोला की."

"दवाखान्याचं न बघता सांगितलं," ते म्हणाले. आवाज तसाच, पण आता रस्त्यावर दुसरा कुठला आवाजच नव्हता. "तुम्ही दारात बसणार होता, माझ्यामुळे बसला नाहीत. त्याचं मला काही करता येत नाही. आता पाण्याचं सांगतो. मला सांगायला सांगितलंय की पाणी शुद्ध आहे. ते मी सांगणार नाही. मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी आत्ता जाऊन आलो. वहिनी माझ्यासोबत होत्या. नळाच्या पाइपात गटाराचं पाणी जातंय. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. कोपरा लांब नाही. चपला घाला आणि बघून या. तोवर नळाचं पाणी पिऊ नका, पोरांना देऊ नका."

शिंपीणबाई खिडकीत उभी होती. मग खिडकीतून दिसेनाशी झाली. मला वाटलं, आता पुन्हा घडघड सुरू होणार. भावजींनी माइक खाली ठेवला.

पण घडघड आली नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि ती खाली आली, गळ्यात टेप तशीच, बाहीला टोचलेल्या सुया तशाच. गाडीजवळून गेली, आमच्याकडे बघितलं नाही, सरळ कोपऱ्याकडे. तिच्यामागे खालच्या मजल्यावरची सून निघाली, मग दोन म्हातारे, मग कोण कोण. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. परीक्षेच्या वर्गाबाहेर बसतात तसे.

ती परत आली तेव्हा तिला कर्णा लागला नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "भरलेलं पाणी ओता गं सगळ्या! नळ बंद करा! खरं आहे!" भांड्यांचे आवाज सुरू झाले, बादल्या ओतल्याचे. मग ती गाडीपाशी आली.

"काका, तो भोंगा दुरुस्त करून घ्या. आवाज फुटका येतोय."

"भोंगा चांगला आहे," भावजी म्हणाले.

"काय?"

"भोंगा चांगला आहे म्हणताहेत," मी सांगितलं.

"मग घसा दुरुस्त करा," ती म्हणाली आणि वर गेली.

भावजी पुढच्या रस्त्यांवर गेले. मला घरी सोडायचंच विसरले. संध्याकाळपर्यंत मी त्या फळीवर बसून सगळा वॉर्ड फिरले. गुडघे आठवडाभर बोलत होते. पोरं बरी झाली. पाइपाचा सांधा बसवला, गटाराची भिंतही बांधली.

नगरपालिकेचं काम मात्र गेलं. आता नगरपालिकेची स्वतःची गाडी येते, तिच्यात कुठल्यातरी गोड आवाजाच्या मुलीचं बोलणं भरून ठेवलंय. पाणी बंद असलं तरी ती आनंदात सांगते. भावजींची गाडी नातीनं विकायला काढली नाही. आता लोकच बोलावतात, कुणाची म्हातारी हरवली, कुठे वीजवाहक तार लोंबतेय. आणि एक नवीन सवय लागली आहे. "खिडकीशी या" म्हटलं की वरून कुणीतरी हमखास विचारतं, "बघून आलात की नुसतं ऐकलंत?" भावजी रागवत नाहीत. नुसतं ऐकलं असेल तर तसं सांगतात. मला वाटतं हे सगळ्यांनाच विचारायला हवं, टीव्हीवर कोट घालून बसतात त्यांनाही. पण तिथे वरून ओरडायला खिडकी नाही.

दवाखान्याला अजून कुलूप आहे. परवा शिंपीणबाई आली होती, खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. भावजींना म्हणाली, "त्या खोल्या गोदामाला देणार म्हणे. आम्ही बायका पुन्हा दारात बसायचं म्हणतोय. सगळ्या भागात सांगाल?"

भावजी काहीतरी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "काकू, काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी बघून येतो."

आज सकाळी ते बघून आले. खिडकीच्या फुटक्या काचेतून डोकावले म्हणे. आत अजून काही ठेवलेलं नाही. भिंतीला जिथे बाक टेकायचा तिथला रंग अजून वेगळा दिसतो. एवढं सांगून चहा संपवला आणि गाडीकडे गेले. मी हे खिडकीशी बसून लिहितेय. माझी खुर्ची नातीनं दाराशी आणून ठेवली आहे. समोरची मशीन आत्ताच थांबली.